बोटांचे ठसे, ‘स्कोप’ आणि फी मागणारी इंटर्नशिप

कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच गैरसमज डोकावतो. आपलं करिअर कुठेतरी आधीच ठरलेलं आहे, कुणीतरी ते फक्त वाचून दाखवायचं बाकी आहे! त्यातल्या काही पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : सध्या कोणत्या क्षेत्राला जास्त स्कोप आहे?

कुणासाठी, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला अर्थ नाही. मनात असलेल्या कामाच्या, अगदी सुरुवातीच्या पदाच्या वीस जाहिराती जमवा. मागितलेली कौशल्यं वहीत लिहा आणि प्रत्येक वेळी एक रेघ ओढा. पाच-सहा कौशल्यांपुढे रेघांची गर्दी होईल. त्यातली आपल्याकडे किती आहेत ते बघा आणि ती वही घेऊन विषयाच्या प्राध्यापकांना भेटा. शेजारच्या काकांचं भाकीत बाजूला ठेवा.

प्रश्न : बोटांच्या ठशांवरून जन्मजात कल कळतो म्हणे. मैत्रिणीचा चाळीस पानी रिपोर्ट तंतोतंत जुळला. मीही चाचणी करून घेऊ का?

नको. ठसे गर्भातच, साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास पक्के होतात. त्यांवरून माणूस ओळखता येतो. त्याला हिशेब जमेल की चित्रकला, हे कळतं याला भरवशाचा पुरावा नाही.

आता ‘जुळला’ याबद्दल. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं विश्लेषण’ म्हणून कागद दिला. अचूकतेला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच होता, वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातली! मैत्रिणीचा रिपोर्ट नाव झाकून आणखी तिघींना ‘हा तुझा’ म्हणून वाचायला द्या. तिघींनाही पटला तर काय ते समजा.

शास्त्रीय चाचण्या आहेत, पण तिथेही गल्लत होते. आवड, क्षमता आणि व्यक्तिमत्त्व या तीन निराळ्या गोष्टी आहेत. आवडीच्या अनेक चाचण्या मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी पाडलेल्या, कामाच्या आवडीच्या सहा गटांवर बेतलेल्या असतात. कोणत्या प्रकारच्या कामाकडे ओढा आहे, एवढंच त्या सांगतात. ते जमेल का, हे नाही. ‘कलात्मक’ गट वर आला म्हणून लोक डिझाइनला प्रवेश घेतात आणि तोवर हातात पेन्सिलही धरलेली नसते. चार अक्षरांत व्यक्तिमत्त्व सांगणारी चाचणी तर काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं.

चाचणी द्यायचीच असेल तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे द्या. आधी विचारा: चाचणीचं नाव काय, ती नेमकं काय मोजते, निकाल कोणत्या वयोगटाशी ताडला जातो, नंतर बसून चर्चा होणार का? चर्चेऐवजी एखाद्या कोर्सचं माहितीपत्रक पुढे सरकवलं, तर उठा.

प्रश्न : इंटर्नशिपसाठी कंपनी फी मागते. भरू का?

नाही. पैसे भरून शिकतात तो कोर्स. कंपनीचं फी मागणारं पत्र कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला दाखवा.

प्रश्न : त्या क्षेत्रातल्या लोकांशी बोला म्हणतात. अनोळखी माणसाशी काय बोलायचं?

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांपासून सुरुवात करा. निरोप चार ओळींचा पुरे: ‘मी अमुक वर्षाला आहे. आपलं काम समजून घ्यायचं आहे. फोनवर वीस मिनिटं मिळतील का? नोकरी मागणार नाही.’ आणि खरंच मागू नका.

‘काम आवडतं का?’ असं विचारलंत तर भाषण ऐकावं लागेल. ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?’ असं विचारा. मग कळेल, की आर्किटेक्टचे तीन तास कंत्राटदाराशी फोनवर गेले, दोन परवानगीच्या कागदांत आणि रेखाटनाला मिळाला जेमतेम अर्धा तास. किमान तिघांशी बोला: एक नवखा, एक दहा वर्षं मुरलेला आणि एक ते क्षेत्र सोडून गेलेला. तिसऱ्याला सगळे विसरतात.

प्रश्न : शेवटच्या वर्षात क्षेत्र बदलायला उशीर झाला का?

नाही. अर्जाची मुदत गेली, की उशीर झाला. पात्रतेच्या अटी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आजच वाचा. ग्रुपवर फिरणारा स्क्रीनशॉट गेल्या वर्षीचाही असू शकतो. शंका असेल तर संस्थेला लेखी विचारा.

प्रश्न : डेटाचं काम आणि शिकवणं, दोन्ही आवडतं. सहा महिने विचार करतोय, ठरत नाही. रात्रीची झोपही लागत नाही.

नुसता विचार करून ते ठरणारही नाही. दोन्हींना दोन-दोन आठवडे, रोज एक तास द्या. अर्धवट भरलेली, चुकांनी भरलेली एखादी खरी फाइल दुरुस्त करा. मग एखाद्या मुलाला अपूर्णांक शिकवा, त्याला तिसऱ्यांदाही कळलं नाही तरी. रोज एक ओळ लिहा: कुठे कंटाळलो, कुठे वेळेचं भान सुटलं. ज्या कामाचा कंटाळवाणा भागही निभावता येतो, ते आधी धरा.

पण झोपेचं आधी बघा. कॉलेजच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा; फाइल आणि अपूर्णांक त्यानंतर.