डोंगराची आग आणि दारची गंज

"आमचे हे रात्री-अपरात्री गावासाठी पळतात, घराकडं लक्ष नाही. ह्यांना थांबवायचं कसं?" उन्हाळा तोंडावर आला की समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात फेब्रुवारी ते मे हे वणव्याचे दिवस. कुणी नवं गवत चांगलं फुटावं म्हणून पेटवतं, कुणाचा बांध जाळताना वारा सुटतो, कुणाची बिडी पडते. वनरक्षक एकटा आणि डोंगर केवढा! मग गावातली पंधरा-वीस माणसं ओले टहाळे घेऊन वर धावतात. पगार नाही, भत्ता नाही, बहुतेकांच्या पायात साधी चप्पल.

त्यांतलंच एक जोडपं. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) दीड एकर रान, तीन म्हशी, एक गाय, सात शेळ्या. महिन्यात तो वणव्यावर गेला त्या रात्री बायकोनं बोटांवर मोजून दाखवल्या, नऊ. "सहाला डेअरीची गाडी येते. एक म्हैस ह्यांच्याच हाताची, मी बसले की पान्हा चोरते. कास तटून राहते. उद्या कास सुजून दगडी झाली तर कुणी निस्तरायचं?" तो टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. म्हणाला, "गावानं हाक मारल्यावर न्हाई कसं म्हणायचं, मॅडम?"

इथं माझं चुकलं. भांडण घर की गाव असंच आहे, असं मी धरून चालले आणि वेळापत्रक आखून दिलं, आठवड्यातून एकाच रात्री जायचं. त्यानं ते इमानदारीनं पाळलं. पंधरा दिवसांनी आला तेव्हा डोळे लाल. घरी असला की झोपच नाही. धुराचा वास आल्यासारखा होई, उठून गोठ्यात जाई, एकेका म्हशीच्या पाठीवर हात फिरवून येई. रात्रीतून चार-पाच वेळा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहानं टिपलेल्या आगींचे इशारे मोबाईलवर येतात, त्यासाठी त्यानं नाव नोंदवलं होतं. तो फोन उशाशी ठेवून पडून राही.

त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, म्हणजे ह्यांनी अजिबात जाऊ नये असं तुम्हाला वाटतं का? ती फणकारलीच. "असं कुठं म्हणाले मी? जाऊ दे की. पण गवताची गंज गोठ्याला टेकून रचलीय, ती आधी हलवा म्हणून दिवाळीपासून सांगतेय. दुसऱ्याचा डोंगर विझवायचा आणि आपल्या दारात दारूगोळा!"

मी त्याच्याकडे पाहिलं. वर डोंगरात चढणीच्या बाजूला आगीच्या पुढं उभं राहायचं नाही, अंगात टेरिकॉट घालायचं नाही, उतरताना माणसं मोजायची, हे सगळं पोरांना शिकवणारा हा माणूस. मग ही गंज का राहिली?

बराच वेळ गेला. मग आदल्या साली भावकीतला एक गोठा पेटला होता ते बाहेर आलं. मोठी जनावरं दावी कापून सोडवली. त्यातली एक म्हैस उलटी आत शिरली, तिलाही ओढून काढलं. रेडकू मात्र साखळीला होतं. कडी तापली होती, त्याच्या हातून निघाली नाही. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, हात भाजला तो चुलीवर.

डोंगरात भीतीला हात-पाय फुटतात, टहाळा मारायला समोर काहीतरी असतं. घरी फक्त वाट बघायची. गंज हलवायची तर 'आपलाही गोठा पेटू शकतो' हे कबूल करावं लागणार होतं, म्हणून तो गंजीकडे बघतच नव्हता. हे त्याला समजावायला मला फार शब्द लागले नाहीत. बायको समोर होती, तिला आधी समजलं.

पुढचं काम घरचंच होतं. दोघांनी मिळून गंज गोठ्यापासून वीस पावलांवर नेली, घराभोवती गवत काढून जाळपट्टा केला, साखळ्या काढून दावी लावली, एका हिसक्यात सुटेल अशी सरकगाठ मारून. दाराशी कोयता टांगला. पान्हा चोरणाऱ्या म्हशीला बायकोच्या हाताची सवय लावायला तीन आठवडे गेले, धारेच्या वेळचं खाणं, आंबोण, तिनंच घालायचं ठरलं तेव्हा कुठं जमलं. फोनचं वनरक्षकानंच सांगितलं, उपग्रह काही रात्रभर डोक्यावर बसलेला नसतो. तेव्हापासून फोन स्वयंपाकघरात.

झोप महिनाभरात सुधारली नसती, तर मी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणार होते. तालुक्याला येणं जमत नसेल, त्यांनी १४४१६ वर फोन करावा. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

एप्रिलमध्ये दोघं शेवटचे आले. तो आता वर जाताना तिला सांगून जातो आणि धारेच्या आत परततो, निदान बहुतेक वेळा. रात्री अजून एकदा उठतो.

"उठून काय करता?"

"दावं चाचपतो. सरकगाठच हाय ना, एवढंच."

बायको पदर सारखा करत म्हणाली, "ह्यांच्यानंतर मी पण एकदा उठते. ह्यांना ठावं न्हाई."