शुक्राणू आणि अंडपेशी घडताना सेंट्रिओलची संख्या कशी राखली जाते?

सेंट्रिओल म्हणजे पेशीविभाजनाला मदत करणारे नळीसारखे सूक्ष्म अंगक. नर आणि मादी यांचे मार्ग येथे अगदी भिन्न आहेत. सर्वाधिक स्पष्ट माहिती फळमाशीच्या अभ्यासातून मिळाली असल्याने तिचेच उदाहरण घेतो.

सामान्य पेशीत प्रत्येक विभाजनापूर्वी प्रत्येक सेंट्रिओलशेजारी एकच नवे सेंट्रिओल उभे राहते, आणि ही मर्यादा मुख्यतः पीएलके-४ या विकराचे प्रमाण काटेकोर ठेवल्याने पाळली जाते. माशीच्या वृषणात अर्धसूत्री विभाजनापूर्वी (गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या सलग दोन विभाजनांपूर्वी) पेशीत चार सेंट्रिओल असतात. या दोन विभाजनांच्या मध्ये त्यांची नवी प्रत निघत नाही. त्यामुळे चार, दोन, एक अशा उतरत्या क्रमाने प्रत्येक भावी शुक्राणूच्या वाट्याला एक पूर्ण सेंट्रिओल येते आणि त्यावरच शेपटी उभारली जाते.

अंडाशयातील प्रकार मला अधिक विलक्षण वाटतो. सोळा जोडलेल्या पेशींच्या समूहात पंधरा पोषक पेशींतील सेंट्रिओल भावी अंडपेशीत स्थलांतरित होतात, आणि तेथे साठा झाल्यावर ते सगळेच नष्ट केले जातात! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पोलो हे विकर कमी झाले की सेंट्रिओलभोवतीचे प्रथिनांचे आवरण गळून पडते आणि उघडे पडलेले सेंट्रिओल विरघळतात. पोलो कृत्रिमरीत्या सेंट्रिओलवर टिकवून ठेवल्यास ते अंड्यात शिल्लक राहतात, परंतु मग विभाजन बिघडते आणि अशा माद्या वंध्य ठरतात. निसर्गतः फलनाच्या वेळी सेंट्रिओल शुक्राणूकडूनच येते.