ट्यूबवरचा पेशंट, नाडी ८४: वेदनेच्या रकान्यात शून्य लिहू का?

सिस्टर, तुमचा पेशंट श्वासाच्या ट्यूबवर आहे, सेडेशन (झोपेचं औषध) चालू आहे, नाडी ८४, बीपी ठीक. म्हणून वेदनेच्या रकान्यात शून्य लिहिलं, ते चुकलं का, असं विचारलंय तुम्ही. हो, चुकलं. मीही तेच केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे माडावरून पडलेला एक पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, होता. बरगड्या मोडलेल्या, छातीत नळी. दोन दिवस आम्ही सगळ्यांनी शून्य लिहिलं, कारण नाडी शांत. ती शांत होती बीटा ब्लॉकरमुळे, म्हणजे नाडी मंद करणाऱ्या औषधामुळे! तिसऱ्या दिवशी कूस बदलताना त्याची बायको दारात उभी होती. म्हणाली, ‘सिस्टर, त्येका दुखता.’ मी पहिल्यांदा नीट चेहरा बघितला. कपाळाला आठ्या, डोळे घट्ट मिटलेले, हात नळीच्या बाजूला धावत होता. तो चेहरा मी अजून विसरलेली नाही.

नाडी आणि बीपी बदलले तर ती फक्त ‘जवळ जाऊन बघा’ अशी सूचना असते. त्यावरून वेदना आहे किंवा नाही, काहीच ठरवता येत नाही.

आधी पेशंटलाच विचारा. ट्यूब आहे म्हणजे मान हलवता येत नाही असं नाही. आणि त्याच्या भाषेत विचारा. हिंदीत विचारल्यावर नुसते बघत राहणारे आजोबा ‘दुखता?’ म्हटल्यावर मान हलवतात, हे मी कितीदा पाहिलंय.

उत्तर मिळतच नसेल तर सीपॉट (CPOT), म्हणजे सांगू न शकणाऱ्या पेशंटची वेदना मोजायचं कोष्टक, वापरा. सेलिन जेलिना या कॅनडातल्या नर्सने ते तयार केलं, २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं, प्रत्येकाला ० ते २, एकूण ८. ट्यूब नसेल तर व्हेंटिलेटरऐवजी कण्हणं ऐकायचं. २ च्या वर गेलं की वेदना आहे असं धरायचं. आधी मिनिटभर स्वस्थ पडलेला असताना बघा, मग सक्शन करताना (नळीतला कफ ओढून काढताना), कूस बदलताना. आमच्या पाडेल्याचं पडल्या पडल्या १ होतं, कूस बदलताना ५. फक्त स्वस्थ असताना बघून चार्ट भरला असता तर परत फसलो असतो.

ताठरपणा हात हळूच दुमडून बघायचा. लांबून कळत नाही.

व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियमसारखं औषध चालू असेल तर मात्र हे सगळं निकामी. स्नायूच हलत नाहीत, चेहरा कुठून हलणार? तिथे ० लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. ‘तपासता येत नाही’ लिहा, वेदना आहे असं गृहीत धरा आणि वेदनाशामक चालू आहे ना, ते डॉक्टरांना विचारा. मिडाझोलाम, प्रोपोफॉलने झोप येते, वेदना जात नाही. डोक्याला मार लागलेल्यांचं वेगळं: कपाळाला आठ्या पडतीलच असं नाही, नुसते डोळे उघडतात, पाणी येतं, चेहरा लाल होतो. तेही लिहून ठेवा.

डॉक्टरांना फोन करताना ‘अस्वस्थ वाटतोय’ म्हणू नका. ‘स्वस्थ असताना १, सक्शनला ५’ असं सांगा. आकडा ऐकला की ऑर्डर लवकर मिळते. औषध दिल्यावर पुन्हा मोजा, नाहीतर लागू पडलं का ते कळणार कसं? ड्रेसिंगच्या आधी द्यायचं असेल तर वेळ धरून द्या. फेंटानिल लवकर चढतं, मॉर्फिनला जास्त वेळ लागतो.

आणि भेटीच्या वेळी घरच्यांना विचारा, दुखलं की हे काय करतात. पाडेल्याच्या बायकोने सांगितलं होतं, डाव्या हाताची मूठ आवळतो. ते आम्ही चार्टच्या वरच लिहून ठेवलं.