कॅरिबियनची कापलेली नाणी घेताय? आधी हे बघा

अरे भावा, थांब जरा, लगेच पैसे पाठवू नकोस. ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटावरचं 1811 चं भोकाचं नाणं घ्यायचं म्हणतोस ना, मग आधी ज्या स्पॅनिश डॉलरला (तेव्हाचं मोठं चांदीचं नाणं) भोक पाडलंय त्याच्यावरचं साल वाच, ते 1811 नंतरचं निघालं तर विषयच संपला. भोक चौकोनी पाहिजे, भोकाच्या कडा दातेरी, आणि मुकुटवाला G ठसा. ठशाच्या बरोबर मागे चांदी थोडी चपटी झालेली दिसते, ती नसेल तर मला तरी शंका येते. कापलेल्या कडेवरही वापराची झीज दिसायला हवी, चकचकीत धारदार असेल तर सोड.

सुरुवातीला कुरासाव या दुसऱ्या कॅरिबियन बेटाचे 1818 चे तुकडे बघ, एका डॉलरचे पाच भाग करून कापलेले, त्यांच्यावर 3 असतो म्हणजे 3 रेआल (तिथलं तेव्हाचं चलन). फक्त फोटोवर घेऊ नको रे, यात डुप्लिकेट माल लय आहे.