साठ लाख येतील, पण २०४२ मध्ये

कराडजवळच्या एका अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सरांचं पत्र आहे. वय ५६, दोन वर्षांनी निवृत्ती. मुलगा २४ वर्षांचा, हिंजवडीत आयटी कंपनीत दोन वर्षं झाली, हातात महिना ६५ हजार येतात. त्याला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या एम.एस.ला प्रवेश मिळालाय, ऑगस्टमध्ये निघायचंय. फी आणि राहणं मिळून दोन वर्षांचे ६० हजार डॉलर, म्हणजे ९० रुपयांच्या भावाने ५४ लाख. घरातले ९ लाख घालून बाकीच्या ४५ लाखांचं कर्ज काढायचंय. सर विचारतात, "सरकारी बँक राहतं घर तारण घेऊन साडेनऊ टक्क्यांनी देते. फायनान्स कंपनी बिनतारण देते, पण साडेअकराने. दोन टक्के वाचवायला घर तारण द्यावं का?"

आणि खाली, सहीच्या जरा वर: "परतफेडीची तशी चिंता नाही. मुलाच्या शिक्षणासाठी २०२२ साली पॉलिसी घेतली आहे, तिचे ६० लाख येणार आहेत."

सर, दोन टक्क्यांचं नंतर बघू. आधी हे ६० लाख.

पॉलिसीचे कागद तुम्ही पत्राला जोडलेत हे फार बरं केलंत. तिसऱ्या पानावर एक तक्ता आहे, त्यात दोन रकाने, एक ४ टक्क्यांचा आणि एक ८ टक्क्यांचा. आठच्या रकान्यात सगळ्यात खालच्या आकड्याभोवती कुणीतरी निळ्या पेनाने गोल काढलाय. तोच तुमचा ६० लाखांचा आकडा. आता बोट त्याच ओळीवरून डावीकडे सरकवत न्या. तिथे २० लिहिलंय. ते पॉलिसीचं विसावं वर्ष. म्हणजे २०४२. तेव्हा चिरंजीव चाळिशीत असतील, आणि शिक्षणाचा प्रश्न असलाच तर त्यांच्या मुलांच्या शाळेचा असेल.

तुमचं कर्ज कधी फिटणार? अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि पुढे एक वर्ष सवलतीचं धरलं तर हप्ता २०२९ मध्ये सुरू होतो. दहा वर्षांची मुदत २०३९ मध्ये संपते. ज्या पैशांतून कर्ज फेडायचं, ते पैसे कर्ज संपल्यावर तीन वर्षांनी येणार. पॉलिसीवर 'शिक्षण' हा शब्द छापला म्हणून ती शिक्षणाची होत नाही. २०२२ मध्ये मुलगा वीस वर्षांचा होता, इंजिनिअरिंगला होता. त्याच्या बापाला वीस वर्षांची शिक्षण पॉलिसी विकणाऱ्या माणसाला वजाबाकी येत नव्हती असं मी म्हणणार नाही. चांगलीच येत असणार.

शिवाय ६० लाख हे वचन नाही. चार आणि आठ हे फंडाच्या कमाईचे गृहीत धरलेले दर आहेत. त्यातून खर्च आणि कमिशन जाऊन उरेल ते तुमचं. वर्षाला २ लाख ४० हजार, बारा वर्षं, म्हणजे २९ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ६० लाख घ्यायचे, हा परतावा ५ टक्क्यांच्या आसपास पडतो. तोही गुलाबी रकान्यात. शेजारच्या रकान्यात त्याच ओळीला ३६ लाख लिहिलेत, त्याला गोल कुणी केला नाही.

अजून एक. हप्ते २०३३ पर्यंत भरायचे आहेत, तुम्ही निवृत्त होताय २०२८ ला. पाच हप्ते पेन्शनमधून. पेन्शन तुम्हीच ५८ हजार सांगताय.

आता काय करायचं? चार हप्ते, ९ लाख ६० हजार, भरून झालेत. आज पॉलिसी मोडली तर साधारण निम्मे, पावणेपाच लाखांच्या आसपास हातात येतील. नेमका आकडा शाखेतून लेखी घ्या. पाच लाख बुडाले म्हणून जीव तुटेल, मला कळतं. पण गेले ते गेले, पुढचा हिशेब करू. आज मिळणारी रक्कम सोडून आणि आणखी १९ लाख भरून २०४२ मध्ये ६० लाख मिळाले, तर इथून पुढचा परतावा फार तर ७ टक्के. दुसऱ्या रकान्याप्रमाणे ३. घरात साडेनऊ-साडेअकराचं कर्ज आणायचं आणि त्याच घरातून सातसाठी हप्ता भरायचा, हा व्यवहार तुम्ही सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडलात तर पोरं हसतील. मोडा. मन होत नसेल तर निदान पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि रक्कम त्या प्रमाणात कमी होऊन २०४२ ला मिळेल. पण मी मोडेन.

सीएच्या दाखल्यातही ही पॉलिसी ६० लाखांची मालमत्ता म्हणून धरली आहे. तो दाखला दुरुस्त करून घ्या. आय-ट्वेंटीसाठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या प्रवेशपत्रासाठी, पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवायची असते, तिथे बँक शिल्लक आणि कर्जमंजुरीचं पत्र चालतं. फुगवलेल्या आकड्याची गरजच नाही, आणि व्हिसाच्या मुलाखतीत मुलाला त्यावर प्रश्न आला तर तो काय सांगणार?

आता तुमचा प्रश्न. ४५ लाख चार सत्रांत उचलले आणि सवलतीच्या काळातलं व्याज मुद्दलात चढलं, तर २०२९ मध्ये साडेनऊच्या दराने देणं होतं ५४-५५ लाख आणि हप्ता ७० हजार. साडेअकराच्या दराने ५६-५७ लाख आणि हप्ता ८० हजार. फरक महिन्याला दहा हजारांचा. मुलाला तिकडे नोकरी लागली तर हे दहा हजार म्हणजे शे-सव्वाशे डॉलर, त्याला जाणवणारही नाहीत. नाही लागली, तर सत्तर काय आणि ऐंशी काय, ५८ हजारांच्या पेन्शनमधून दोन्ही जात नाहीत. फरक एवढाच की एका बाबतीत घर लिलावात निघेल आणि दुसऱ्या बाबतीत वसुलीवाले दारात येतील. सहकर्जदार तुम्ही दोन्हीकडे आहातच.

आणि नोकरी लागेलच हे गृहीत कुणी धरलं? ज्या सल्लागाराने 'फुकट' प्रवेश करून दिला, त्याने? अशा अनेकांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, हे त्याला एकदा विचारून बघा. पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचं, एक वर्ष, कॉम्प्युटर सायन्स असल्यामुळे आणखी दोन, अशी तीन वर्षं कामाला मिळतात. पण पहिल्या वर्षात बेरोजगारीचे एकूण ९० दिवस भरले की मुक्काम धोक्यात. पुढे एच-वन-बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, सोडत, वर्षाला ८५ हजार जागा. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा फतवा निघाला. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना तो लागू नाही, हा खुलासा महिन्याभराने आला. तो महिना पालकांनी कसा काढला ते मी फोनवर ऐकलंय.

म्हणून मी उलटं मोजतो. मुलगा एम.एस. करून पुण्यात परतला, हातात लाखभर रुपये येऊ लागले, तर त्याला झेपेल असा हप्ता ३५-४० हजारांचा. त्या हप्त्यात साडेअकराच्या दराने आज उचलायचं कर्ज बसतं २० ते २२ लाख. त्यात घरचे ९ आणि पॉलिसीचे पावणेपाच मिळवा, ३४ ते ३६ लाख. तुमची ऐपत ही. या विद्यापीठाची किंमत ५४.

एवढ्या पैशांत दरवाजे बंद नाहीत. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सत्राला १५०० युरो आहे, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे). ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि तेच महिन्याला ९९२ च्या हप्त्याने खर्चाला मिळतात. दोन वर्षांचे २५-२६ लाख. त्याआधी एपीएस प्रमाणपत्र (इथल्या पदवीची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं, त्यात वेळ जातो, म्हणून यंदाचं विसरा. पदवीच हवी असेल तर जॉर्जिया टेकची ऑनलाइन एम.एस. २०१४ पासून चालू आहे, सगळी मिळून ७ हजार डॉलरच्या आसपास, आणि नोकरी सोडावी लागत नाही. अर्थात तिने व्हिसा मिळत नाही. मुलाला शिकायचंय की जायचंय, हे त्याच्याकडूनच ऐका. दोन्हींत लाज नाही, पण किंमत वेगळी आहे.

आत्ताच्या विद्यापीठाला एक मेल टाकून प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, तेही त्याने विचारावं. अनेक ठिकाणी येतो.

आयकर कायदा १९६१ मधल्या कलम ८०ई बद्दलही, म्हणजे शिक्षणकर्जावरच्या करसवलतीबद्दलही लिहिलंत. सवलत फक्त व्याजावर, आठ वर्षं, आणि जुन्या करप्रणालीतच. मुलगा तिकडे कमावून फेडणार असेल तर इथे त्याचं उत्पन्नच नसेल, मग सवलत कशातून घेणार?

फायनान्स कंपनीच्या मंजुरीपत्रात 'कर्ज सुरक्षा' म्हणून १ लाख १० हजारांचा एकरकमी विमा कर्जातच घुसवलाय, म्हणजे त्यावरही साडेअकराने व्याज. तो काढायला लावा. मुलाच्या नावाने १ कोटीचा साधा टर्म प्लॅन (ठरावीक मुदतीचा निव्वळ जीवनविमा) घ्या, त्याच्या वयाला वर्षाला दहा-बारा हजारांत बसतो. आणि पत्रात धाकटी मुलगी एका ओळीत येऊन गेली, "यंदा बारावी, तिचं नंतर बघू". ग्रॅच्युइटी आणि फंडाचे जे ३५ लाख येतील म्हणता, त्यांना कर्जासाठी हात लावायचा नाही, हे आजच ठरवा.

तेव्हा घर तारण? नाही. ४५ लाखांसाठी नाही आणि २२ साठीही नाही.

पॉलिसीचा पुढचा हप्ता ऑगस्टमध्ये खात्यातून आपोआप कापला जाईल, म्हणून जुलै संपायच्या आत बँकेत ही आपोआप कपात बंद करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. "घरी अजून सगळं सांगितलेलं नाही," असंही लिहिलंत. घर दोघांच्या नावावर आहे, सही करायला बँकेने वहिनींना बोलावलंच असतं. आज रात्री जेवणानंतर ते तिसरं पान त्यांच्यापुढे ठेवा.