रिग सोडू का?

प्रश्न : मी उरणचा. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात रिगवर कंत्राटी मेकॅनिक आहे. चौदा दिवस समुद्रात, चौदा घरी. मुंबई महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिनी विभागात कायम नोकरी मिळतेय, पण पगार बराच कमी. तुम्ही हेच केलंत ना?

उत्तर : केलं, आणि पुन्हा करीन. घरच्या चौदा दिवसांचे पैसे कंत्राटदार देतो का, ते आधी बघा. नसेल देत तर फरक वाटतो तेवढा उरत नाही. काम मात्र हलकं समजू नका. साडेचार मीटरची भरती आणि त्यात धो धो पाऊस, की नाल्यांचे समुद्राकडचे दरवाजे बंद, सगळी भिस्त पंपांवर. हाजी अली, इर्ल्याच्या पंपिंग स्टेशनात एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो. पावसाळ्यात रजा विसरा, गणपतीतसुद्धा! बाकी वर्ष गाळ काढण्याचं.

आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस इथेही आहेच. रिगवर गॅस ओळखणारा डिटेक्टर आपसूक अंगावर असायचा. इथे मॅनहोलपाशी तो हट्टाने मागून घ्या. सडक्या अंड्यांचा वास अचानक थांबला, तर गॅस गेला असं समजू नका. नाक बधिर झालेलं असू शकतं. पदनाम आणि पेन्शनची योजना लेखी बघूनच राजीनामा द्या.