पुरळ येणाऱ्या त्वचेला उन्हाळ्यातल्या लग्नासाठी मिनरल मेकअप चालेल का?

ताई, मे महिन्यात परभणीत लग्न आणि चेहऱ्यावर सारखे पुरळ, म्हणून विचारलंत. माझं उत्तर हो, पण डबीवरचं नाव बघून नाही, मागची घटकांची यादी वाचून घ्या.

मिनरल मेकअपमध्ये मुख्यतः बारीक दळलेली खनिजं असतात: झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, अभ्रक आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड. कोरड्या पावडरीत पाणी नसतं, त्यामुळे जंतू सहजी वाढत नाहीत आणि प्रिझर्व्हेटिव्ह कमी लागतात. बऱ्याच डब्यांत सुगंधही नसतो. नाजूक त्वचेला खाज-लाली येते ती अनेकदा सुगंधामुळेच, म्हणून मला हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जाड फाउंडेशन घामाने ओघळतं. पावडरीचा पातळ थर हलका राहतो. पुरळ मात्र याने झाकले जातात, बरे होत नाहीत.

यादीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड दिसलं तर मी ती डबी घेणार नाही, काहींना त्याने खाज सुटते. मिनरल मेकअपने उन्हापासून थोडं संरक्षण मिळतं, पण दुपारच्या मुहूर्ताला तेवढं पुरत नाही. आधी सनस्क्रीन लावाच. दमा असेल तर सुटी पावडर नको, ती नाकात जाते, कॉम्पॅक्ट बरा.

आणि हळदीच्या दिवशी नवी डबी पहिल्यांदा उघडू नका. आठवडाभर आधीपासून कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडी लावून बघा.